बाप भेटायचा तर गणपतीत

मी परिविक्षा अधिकारी आहे असं सांगितलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, म्हणजे अजून प्रोबेशनवर आहात का, पर्मनंट कधी होणार? मग मी सांगते की प्रोबेशनवर मी नाही, मुलं असतात. अठरा वर्षांच्या आतली, ज्यांच्या हातून काहीतरी घडलंय किंवा घडलंय असं पोलिसांचं म्हणणं आहे. त्या मुलाच्या घरी जायचं, शाळेत जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचं, बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा, आणि मंडळाने त्याला देखरेखीखाली घरी सोडलं तर ती देखरेख करायची, हे माझं काम. एवढं सगळं ऐकून झालं की दुसरा प्रश्न, "अच्छा, रिमांड होमवाल्या का तुम्ही?"

रिमांड हा शब्द काही जात नाही आपल्याकडून. कायद्यात तो केव्हाचाच उरलेला नाही, आता निरीक्षणगृह म्हणतात, आणि मुलाला आरोपी म्हणायचं नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं, अटक झाली असं लिहायचं नाही. हे उगाच शब्दांचं सोवळं नाहीये, कायद्यानेच सांगितलंय की मुलाला डाग लागेल असे शब्द वापरू नका. पण कोकणातल्या घरांना अर्धी मुंबई चिकटलेली, त्यामुळे इथल्या खेड्यातली आजीसुद्धा नातवाला "नीट वाग नायतर डोंगरीला टाकीन" असा दम देते, म्हणजे मुंबईतल्या डोंगरीच्या रिमांड होमला, तिने डोंगरी कधी बघितलेली नसते तरी.

आज लिहायला बसले ते एका शब्दासाठी. "पालकांचे दुर्लक्ष." आमच्या अहवालांमध्ये हा शब्द इतका असतो की बोटांना सवय झालेली आहे. मुलाने शाळा का सोडली, पालकांचे दुर्लक्ष. संगत का बिघडली, पालकांचे दुर्लक्ष. मीही लिहिलाय, कितीतरी वेळा लिहिलाय.

काम कसं चालतं ते आधी थोडक्यात सांगते. बाल न्याय कायदा, २०१५ चा, जानेवारी २०१६ पासून लागू. मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई पाहिजेच. मूल पहिल्यांदा मंडळापुढे आलं की तिथून पंधरा दिवसांत माझा सामाजिक तपासणी अहवाल गेला पाहिजे. त्याचा छापील नमुना आहे, घरात कोण कोण, उत्पन्न किती, शाळा का सोडली, मित्र कोण, व्यसन आहे का, घरात मारहाण होते का, असे रकाने. चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची. मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवताना मंडळाच्या हातात जी काही घरची माहिती असते ती मुख्यतः या कागदातून गेलेली असते. म्हणजे मी रकान्यात काय लिहिते त्यावर एका पोराची पुढची दोन-तीन वर्षं ठरू शकतात. हे नोकरी लागली तेव्हा मला नीट कळलेलं नव्हतं, खरंच नव्हतं.

सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा होता, मोटरसायकल चोरीत. पंधरा दिवसांतले नऊ दिवस माझे दुसऱ्याच दोन केसेसमध्ये गेले, त्याच्या घरी पोचले तेव्हा कुलूप, शेजारी त्याचा चुलता, त्याच्याशी अर्धा तास बोलले आणि परत आले. चुलता म्हणाला आईबापाला पोराचं काही पडलेलं नाही, मुंबईला मजेत आहेत. मी लिहिलं, पालकांचे दुर्लक्ष. काही महिन्यांनी कळलं की आई मुंबईत हॉस्पिटलमध्ये होती, किडनीचं दुखणं, बाप रात्री तिच्याजवळ आणि दिवसा कामावर, आणि चुलत्याशी त्यांचा घराच्या वाटणीवरून वाद. माझ्या कागदावर मात्र दुर्लक्षच लिहिलेलं राहिलं. तो मुलगा पुढे आणखी दोनदा मंडळापुढे आला. माझा अहवाल नीट असता तर आला नसता असं मी म्हणत नाही, पण त्या आईबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं आणि त्यावर सही माझी होती.

त्यानंतर मी ठरवलं की चुलत्या-मामाच्या सांगण्यावरून आईबापाबद्दल एक ओळ लिहायची नाही.

आता बोलायला सोपं आहे हे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, मध्ये खाड्या, आणि घरात म्हातारी माणसं आणि पोरं. बाप मुंबईत, कधी आई पण मुंबईत, दहा बाय दहाच्या खोलीत पोरगं ठेवायला जागा नाही म्हणून ते आजीकडे. ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर घर चालायचं, आता मनीऑर्डरच्या जागी गुगल पे आलंय. मुलाच्या केसमध्ये ज्याला सगळ्यात आधी भेटायला पाहिजे तो माणूस तुम्हाला फक्त गणपतीत आणि शिमग्यात भेटतो, आणि कायद्याचे पंधरा दिवस काही गणपती बघून सुरू होत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची केस सांगते. गाव सांगणार नाही, तपशील पण बदललेत. खाडीपलीकडचं गाव एवढंच धरा. फेरीबोटीने जावं लागतं, आता कुठली फेरीबोट ते विचारू नका, जयगड-तवसाळ पण आहे आणि दाभोळ-धोपावे पण आहे. मुलाला इथे बाबू म्हणते. वय सोळा, नववीतून शाळा सुटलेली, घरात फक्त आजी.

त्याने शिसं चोरलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मासेमारीच्या जाळ्याला वरच्या दोरीला बोये असतात, ते तरंगतात, आणि खालच्या दोरीला शिशाचे मणी बांधलेले असतात म्हणून जाळं पाण्यात उभं राहतं. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून वर घेतलेल्या, जाळी मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, गुंडाळून ठेवलेली, त्या दिवसांत तिकडे कोण बघायला जात नाही. बाबूने तीन वेळा मिळून पंधराएक किलो शिसं काढलं आणि भंगारवाल्याला विकलं. जुलैच्या शेवटी मालकाने जाळी बाहेर काढली तेव्हा खालची दोरी हलकी लागली.

आणि तो पकडला कसा गेला माहितीये? सीसीटीव्ही वगैरे काही नाही. मालकाने जाळं हातात घेऊन बघितलं तर एक आस, म्हणजे विणीतलं एक भोक सुद्धा कापलेलं नव्हतं. ज्या दोऱ्याने शिसं बांधलेलं त्याच्या गाठी एकेक करून सोडवलेल्या, दोरा तसाच शाबूत. मालक मला नंतर म्हणाले, "मॅडम, चोर सुरी लावतो. ह्यानं गाठी सोडवलान. असं सोडवणारा गावात एकच म्हातारा होता आणि तो दोन वर्सांमागं गेला. मग उरला कोण, त्याचा नातू."

बाबूचे आजोबा याच मालकाची जाळी भरायचे, म्हणजे विणायचे-सांधायचे, आणि नातू लहानपणापासून शेजारी बसून सुई चालवायचा.

चोरी साधी, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणजे कायद्याच्या भाषेत क्षुल्लक अपराध. अशा बाबतीत मुलावर एफआयआर पण नोंदवायची नसते, स्टेशन डायरीला नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा कागद मंडळाकडे, बस. ते तसं झालं. पण त्याच दिवशी कुणीतरी पोलीस ठाण्याबाहेर त्याचा फोटो काढला आणि तालुक्यातल्या एका व्हॉट्सॲप बातम्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली गावाचं नाव, आजोबांचं नाव, "अल्पवयीन चोरटा जेरबंद". मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी त्या ॲडमिनला फोन करून हे सांगितलं, त्याने दहा मिनिटांत पोस्ट काढली, माफी पण मागितली, माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण तोपर्यंत ती किती फोनमध्ये उतरली असेल त्याचा काय हिशोब.

पहिल्यांदा गेले तेव्हा धो धो पाऊस. मी स्कूटीवरच जाते, साध्या कपड्यात, सरकारी गाडी दारात उभी राहिली की वाडीला दुसऱ्या दिवशी सांगायला काही उरत नाही. आजीने ओटीवर पाट दिला, "बाय, आधी बस, पानी पी." मग म्हणाली पोरगा वाईट नाय, त्याच्यावर कोनीतरी करनी केलान. बाबू खांबाला टेकून उभा, मान खाली. मी विचारलं का केलंस, तर गप्प. पैसे कशाला लागले, गप्प. दुसऱ्यांदा गेले, तेच. दोन्ही वेळा मी नमुन्यातले प्रश्न विचारत होते, आणि तो नमुन्यात बसेल असं एक अक्षर बोलत नव्हता.

तिसऱ्या वेळी फेरीबोट खराब हवेने बंद पडली आणि मी तिथेच अडकले. आजी भात शिजवायला आत गेली. पडवीत एक जुनं पागायचं, हाताने फेकायचं जाळं पडलेलं, मला काय सुचलं कोण जाणे, मी ते उचललं आणि बाबूला म्हटलं, मला ती गाठ सोडवून दाखव. तो माझ्याकडे बघत राहिला, मला वाटतं त्याला शंका आली की हा पण जबाबच आहे. मग खाली बसला. नखाने नाही, अंगठ्याचं बोट आणि तर्जनी यांच्यामध्ये गाठ धरून तो ती आधी दाबायचा, दाबून सैल करायचा, मग दोऱ्याचं टोक मागे ढकलायचा, ओढायचा नाही. ओढली की गाठ घट्ट होते म्हणाला. हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी करून बघितलं, मला जमलं नाही, त्याने माझ्या हातातून घेऊन परत दाखवलं. तिसऱ्या-चौथ्या गाठीनंतर तो आपणहून बोलायला लागला, मान खालीच, हात चालू.

एका मोठ्या मुलाचा मोबाईल त्याने गेम खेळायला घेतला होता, जेटीवर हातातून पडला, डिस्प्ले गेला. तो मुलगा म्हणाला चोवीसशे रुपये आण, नाहीतर आजीला सांगतो आणि तुला बंदरावर फिरू देत नाही. आजीला सांगायची हिंमत नव्हती कारण तिच्याकडे पैसेच नव्हते हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, पप्पांना फोन का नाही केलास.

"केला होता. ते ड्युटीवर होते. म्हणाले रविवारी बोलू."

"मग रविवारी?"

"रविवारी आजी बाजूला होती."

या दोन ओळी मी वहीत जशाच्या तशा लिहून घेतल्या. याला दुर्लक्ष म्हणायचं? बापाने फोन उचलला होता, रविवारी परत केला पण होता. आठवड्यातनं एक फोन, तो पण स्पीकरवर, आजी शेजारी, सगळ्यांची खुशाली विचारून झाली की संपला. सोळा वर्षांचा मुलगा त्यात कुठे सांगणार की मी अडकलोय.

पंधरा दिवस संपत आले होते. मी अहवाल वेळेत दिला, त्यात आजीचं, मालकांचं, बाबूचं म्हणणं लिहिलं आणि वडिलांच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं की प्रत्यक्ष भेट झालेली नाही, फोनवर बोलणं झालं, गणपतीत गावी येणार आहेत, तेव्हा भेटून पुरवणी अहवाल देईन. मंडळाने ते मान्य केलं. नवीन लागलेल्या परिविक्षा अधिकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, रकाना अर्धा ठेवला आणि का ठेवला ते लिहिलं तर कोणी खात नाही.

गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी गेले. घर भरलेलं, मुंबईची माणसं, पोरं, आरतीची तयारी. मला बघून बाबूचा चेहरा उतरला, त्याला वाटलं आता सगळ्यांसमोर. मी आजीला हळूच सांगितलं की मी ऑफिसचं काही बोलणार नाही, आणि आरतीला उभी राहिले, टाळ पण वाजवला. शेजारच्या बायकांना वाटलं मी सुनेच्या माहेरची कोणीतरी. नंतर बाबूचे वडील आणि मी मागच्या बाजूला विहिरीजवळ बोललो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

भांडुपला राहतो, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये बारा तासांची शिफ्ट, बायको घरकामं करते, लहान मुलगी तिथे शाळेत. आधी तावातावाने म्हणाला दोन ठेवून देतो त्याला. मग गप्प झाला. मी त्याला रविवारच्या फोनचं सांगितलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही, आणि नंतर जे विचारलं ते मी इतक्या वर्षांत वेगवेगळ्या बापांकडून ऐकलंय, "मॅडम, याचा पासपोर्ट होईल ना? सीडीसी मिळेल ना? त्याला बोटीवर जायचंय." सीडीसी म्हणजे जहाजावर नोकरीला लागणारं खलाशाचं नोंदपुस्तक. आपल्या किनाऱ्यावर पोराचं भविष्य म्हणजे एक तर मुंबई नाही तर जहाज, त्यामुळे ही भीती सगळ्यात आधी. मी त्याला कलम २४ समजावून सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली प्रकरण मिटलं की त्याच्यामुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि नियमात दिलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद फक्त सोळा ते अठरामधल्या ज्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालतो त्यांचा. त्याने मला हे तीनदा परत सांगायला लावलं.

माझ्या पुरवणी अहवालात पालकांबद्दलचा मजकूर दीड पान झाला. दुर्लक्ष हा शब्द त्यात नाही. अंतर आहे, शिफ्ट आहे, खोलीचं माप आहे, आणि रविवारचा फोन आहे.

मंडळाने बाबूला समज देऊन वडील आणि आजीच्या ताब्यात एक वर्षाच्या परिविक्षेवर सोडलं, देखरेख माझी. मालकांनी पैसे मागितले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, नवीन शिसं मी आणतो, पण बांधून त्यानं द्यायचं. चार संध्याकाळी बसून त्याने ते बांधलं, त्यांच्या पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. मला आधी धाकधूक होती की ही शिक्षा होईल का, लोक टोमणे मारतील का. एक-दोघांनी मारले पण. मालक आतून ओरडले, "काम करतोय ना तो, तुमचं काय जातंय." त्यानंतर कोण काही बोललं नाही.

शाळेचं जास्त अवघड गेलं. एका शाळेने सरळ सांगितलं की असल्या मुलाला घेतलं तर बाकीचे पालक तक्रार करतील. मी भांडले असते, भांडायचा हक्क पण होता, पण बाबू दाराबाहेर उभा राहून ऐकत होता आणि मला त्याच्या तोंडावर ते पुढे न्यायचं नव्हतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवला. गणित राहिलं, ते पुढच्या पुरवणी परीक्षेत सुटलं. भांडुपचा फोन आता बुधवारी पण येतो, आणि बाबू तो घेऊन मागे विहिरीकडे जातो, असं आजीनेच सांगितलं.

सगळ्या केसेस अशा नसतात हे मला मान्य आहे. सोळा-अठरामधल्या मुलांच्या खऱ्या गंभीर केसेस येतात, प्राथमिक मूल्यांकनाच्या, ज्यात मूल मोठ्यांसारखं कोर्टात जायचं की नाही ते ठरतं, आणि त्या अहवालांनी माझी झोप गेलेली आहे. त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही, लिहिता येणारही नाही. लोक विचारतात तुम्ही पोरांची बाजू घेता का. मी घरात बघितलेलं लिहिते. आता कुठल्याही केसमध्ये घरात कोण नाहीये ते आधी लिहिते, का नाहीये ते विचारते, आणि त्या माणसाला भेटेपर्यंत त्याच्याबद्दल मत लिहीत नाही.

वर्ष संपल्यावर शेवटचा अहवाल देऊन मी बाबूच्या गावाहून परत येत होते, फेरीला वेळ होता म्हणून धक्क्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला मी कोण ते एव्हाना माहीत झालेलं. म्हणाला, तो फोटो माझ्याकडे अजून असेल बहुतेक, त्या पोराचा. गॅलरीत मागे मागे जात त्याने काढला. निळा टीशर्ट, मान खाली. मी म्हटलं, डिलीट करा. त्याने माझ्यासमोर केला, मग रिसेंटली डिलीटेडमध्ये जाऊन तिथून पण केला, आणि फोन खिशात ठेवत विचारलं, "आता काय करतो तो?"

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.